आठ गुरुवार: नव्या शिक्षिकेच्या पहिल्या वर्षाचं एक प्रकरण

सहावीच्या गणिताच्या चाचणीत एक प्रश्न होता: ०.४५ आणि ०.६ यांतली मोठी संख्या कोणती? निम्म्याहून जास्त मुलांनी ०.४५ लिहिलं. चाचणी घेणाऱ्या बाईंचं नोकरीतलं हे पहिलंच वर्ष. दशांश अपूर्णांकांचा धडा त्यांनी नुकताच शिकवला होता, अगदी मन लावून, फळा दोनदा भरून. तपासलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन त्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला शिकवता येत नाही. आता ते मान्य केलेलं बरं."

या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. त्या वर्षी शाळेने मला बाईंची मार्गदर्शक म्हणून नेमलं होतं. ओळख पटेल असे तपशील वगळून, त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. नव्या शिक्षकाच्या व्यावसायिक विकासाचा विषय निघाला की आपण प्रशिक्षणाचे दिवस आणि प्रमाणपत्रं मोजायला लागतो. बाईंच्या फायलीत दोन्ही होतं. त्यांना कशाची गरज होती हे मलाही लवकर कळलं नाही, आणि माझ्या त्या न कळण्यात त्यांचे तीन आठवडे गेले.

सुरुवातीचे दोन महिने

बाईंची पदवी गणिताची, सराव पाठांना उत्तम शेरे. पण सराव पाठाला वर्ग दुसऱ्याचा असतो. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले, मुलं पाहुण्यांसमोर बसावीत तशी शांत, आणि पाठ संपला की त्या मुलांचं पुढे काय झालं हे कळायचा मार्ग नसतो. नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळापत्रक हातात पडतं. हजेरी, वह्या, पालकांचे निरोप, बदली तास, सगळं. तीस वर्षं शिकवणाऱ्या सहकाऱ्याला जेवढं काम, तेवढंच काल रुजू झालेल्या शिक्षकाला. इतर बहुतेक व्यवसायांत नवख्याला आधी सोपं काम देतात, कुणाच्या तरी हाताखाली ठेवतात. आपल्याकडे दार बंद होतं आणि आत तो एकटा असतो.

महिनाभरात शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली. मुख्याध्यापकांनी बाईंना दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. खेळातून गणित, असा तिचा विषय. बाई उत्साहाने परतल्या, एक जाडजूड फाइल घेऊन. सोमवारी त्यांनी त्यातला पत्त्यांसारख्या कार्डांचा खेळ वर्गात घेतला. गट पाडण्यातच पंधरा मिनिटं गेली, कार्डं कमी पडली, दोन गटांत भांडण झालं आणि घंटा वाजली तेव्हा कुणाचाही एकही डाव पूर्ण झाला नव्हता. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समजूत घातली: "प्रशिक्षणात सांगतात ते खऱ्या वर्गात चालत नाही हो. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटायचं, हळूहळू कळतं." बाईंनी फाइल कपाटात ठेवून दिली.

"हळूहळू कळतं" हे वाक्य मला आता फार धोक्याचं वाटतं. ते मायेने म्हटलेलं असतं, पण त्याचा अर्थ असा होतो की मधल्या दोन-तीन वर्षांत जी मुलं त्या वर्गातून गेली, त्यांचं जे व्हायचं ते होऊ द्या.

माझी चूक

मार्गदर्शक म्हणून मी त्यांचा एक तास पाहिला. मागे बसून पानं भरून टिपणं काढली आणि तास संपल्यावर अकरा सूचना दिल्या. आवाज खालच्या पट्टीत ठेवा, फळ्याकडे पाठ करून बोलू नका, मागच्या बाकांपर्यंत चालत जा, प्रश्न आधी विचारा आणि नाव नंतर घ्या, असं बरंच काही. त्यातली एकही सूचना चुकीची नव्हती. बाईंनी सगळ्या लिहून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाळायचा प्रयत्न केला. तो तास आदल्या दिवशीपेक्षा वाईट झाला. त्यांचं लक्ष स्वतःच्या आवाजाकडे, पावलांकडे, फळ्यावरच्या जागेकडे होतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी काहीतरी विचारायला हात वर करून बसली होती. तिच्याकडे बाईंची नजर गेलीच नाही.

तीन आठवडे मी असंच करत राहिले. मला वाटत होतं, मी मदत करते आहे.

नंतर वाचताना मला जाणवलं की हे माझ्या एकटीचं किंवा बाईंच्या एकटीचं दुखणं नव्हतं. १९८४ मध्ये सिमोन फेनमन या डच संशोधकाने निरनिराळ्या देशांतल्या नव्या शिक्षकांवरचे ८३ अभ्यास एकत्र तपासले. नव्या शिक्षकांना सर्वाधिक जाणवणारी अडचण म्हणून वर्गातली शिस्त सगळ्यात वर होती. त्याही आधी, १९६९ मध्ये, अमेरिकन संशोधक फ्रान्सिस फुलर यांनी नव्या शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला होता: आधी काळजी स्वतःची असते, मी नीट उभी राहते का, मुलं माझं ऐकतात का, मुख्याध्यापक काय म्हणतील. मुलं काय शिकत आहेत ही काळजी त्यानंतर येते. माझ्या अकरा सूचनांनी बाईंना त्या पहिल्या काळजीतच घट्ट बांधून ठेवलं होतं. प्रत्येक सूचना सांगत होती, स्वतःकडे बघा.

आणखी एक गोष्ट. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढतो, आणि शिकवणं म्हणजे काय याची कल्पना त्या शिकाऊ उमेदवारीतून पक्की होते. पण या उमेदवारीत शिक्षकाच्या हालचाली तेवढ्या दिसतात. तो मनात काय ठरवतो, कुणाचं उत्तर ऐकून बेत का बदलतो, हे बाकावरून दिसत नाही. बाई उत्तम समजावून सांगणाऱ्या शिक्षकांच्या हाताखाली शिकल्या होत्या. त्यामुळे शिकवणं म्हणजे नीट समजावून सांगणं, असं त्यांच्या मनात होतं. मुलांना आलं नाही तर? आणखी नीट समजावून सांगायचं.

गठ्ठ्याचे दोन भाग

चाचणीच्या कागदांवर परत येते. "मला शिकवता येत नाही" हे वाक्य ऐकल्यावर माझ्याकडे द्यायला सूचना उरली नव्हती. मी म्हटलं, "तुमचं राहू द्या क्षणभर. मुलांनी काय केलंय ते बघूया." त्या दिवशी गुरुवार होता आणि आम्हा दोघींचा तो तास ऑफ होता. पुढचे सगळे गुरुवार त्या योगायोगातून आले.

बाईंनी कागदांचे दोन भाग केले, चुकलेले आणि बरोबर. चुकलेल्यांचं कारण लगेच ओळखता आलं. ०.४५ मध्ये ४५ दिसतात, ०.६ मध्ये ६. पंचेचाळीस मोठे, म्हणून ०.४५ मोठी. मुलं दशांश चिन्हाच्या उजवीकडे सरळ पूर्ण संख्या वाचत होती. १९८९ मध्ये लॉरेन रेझनिक, पर्ला नेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्समधल्या मुलांच्या अशाच चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन वेगळ्या भाषा, तीन वेगळे अभ्यासक्रम, आणि चुकांमागचे नियम ओळखीचे. मूल इथे बेफिकिरीने चुकत नसतं. पूर्ण संख्यांमध्ये आजवर इमाने साथ दिलेला नियम ते इथेही वापरतं.

बाईंना एवढ्यानेच थोडं हलकं वाटलं. त्या चुकलेल्या गठ्ठ्यासाठी उजळणी घ्यायचं ठरवून उठायला लागल्या. मी म्हटलं, "बरोबर आलेल्यांपैकीही दोघा-तिघांना विचारूया का, कसं ठरवलं म्हणून?" त्यांना ते वेळ घालवण्यासारखं वाटलं, तसं त्यांनी सांगितलंही. पण मधल्या सुट्टीत त्यांनी एका मुलीला बोलावलं. तुलनेच्या पाचही जोड्या तिच्या बरोबर होत्या, पाचही ठिकाणी बाईंची ठसठशीत टिक होती.

"०.६ मोठी हे कसं ठरवलंस?"

मुलगी गप्प. बाई लगेच बोलायला जाणार, तेवढ्यात मी हळूच त्यांचा हात धरला. वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये नोंदवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ते थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक व्हायला लागतात. ती शांतता आम्हा दोघींनाही जड गेली. मग मुलगी म्हणाली, "बाई, शतांश दशांशापेक्षा लहान असतात ना, मग ज्याच्यात शतांश आहेत ती संख्या लहान."

बाईंनी वहीच्या कोपऱ्यावर लिहून तिला विचारलं, ०.३ आणि ०.३५? क्षणाचाही विलंब न करता मुलगी म्हणाली, "०.३ मोठी."

बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी स्वतःची प्रश्नपत्रिका पुन्हा काढली. तुलनेच्या पाच जोड्या होत्या आणि पाचही जोड्यांत कमी अंकांची संख्याच मोठी होती. पूर्ण संख्यांसारखं वाचणाऱ्यांना पकडायच्या नादात त्यांनी सगळी उदाहरणं एकाच साच्याची काढली होती. "कमी अंक म्हणजे मोठी संख्या" असा उलटा नियम धरून बसलेल्या प्रत्येक मुलाला त्या साच्यात पैकीच्या पैकी गुण मिळत होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी चुकीच्या विचाराला टिक केली."

माझ्या दृष्टीने बाईंचा व्यावसायिक विकास त्या मधल्या सुट्टीत सुरू झाला. आधीची कार्यशाळा, माझ्या सूचना, दोन महिन्यांची धडपड यांपैकी कशानेही त्यांना वर्गाबद्दल इतकं नेमकं काही कळलं नव्हतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये शिक्षकाच्या ज्ञानाचा एक वेगळा प्रकार मांडला. विषय येणं आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती येणं यांच्या मधली जागा. हा विषय शिकताना मुलं कुठे अडकतात, कोणत्या समजुती आधीच घेऊन येतात, कोणतं उदाहरण त्या उघड्या पाडतं, याचं ज्ञान. गणिताच्या पदवीत हे नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. ते मुलांच्या कागदांत होतं आणि ते वाचायला बाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

पॉइंट पंचेचाळीस

दुसऱ्या गुरुवारी बाई एक निरीक्षण घेऊन आल्या. ते मला इतकी वर्षं शिकवूनही सुचलं नव्हतं. वर्गात त्या स्वतः ०.४५ ही संख्या "शून्य पॉइंट पंचेचाळीस" अशी वाचत होत्या. मराठीत पंचेचाळीस हा एकसंध शब्द आहे. त्यात चार कुठे आणि पाच कुठे हे कानाला कळत नाही, आणि ऐकू येतं तेही आधी पाच. तो शब्द कानावर पडला की मूल पंचेचाळीस वस्तूच डोळ्यांसमोर आणणार. "शून्य पॉइंट चार पाच" म्हटलं तर निदान अंक वेगळे राहतात. "चार दशांश, पाच शतांश" म्हटलं तर प्रत्येक अंकाची किंमतही सांगितली जाते.

मी त्या दिवशी माझ्या आठवीच्या वर्गात स्वतःकडे कान देऊन ऐकलं. मीही "पॉइंट पंचेचाळीस"च म्हणत होते.

मग आम्ही एक छोटी चिठ्ठी-चाचणी बनवली. गुण नाहीत, नाव असलं तरी शेरा नाही. ०.४५ आणि ०.६ सोबत ०.३ आणि ०.३५, ४.७ आणि ४.०८, ०.५ आणि ०.५०. प्रत्येक जोडीसमोर "असं का वाटलं?" एवढीच एक ओळ. उत्तरांवरून चार गठ्ठे झाले. एक, लांब संख्या मोठी समजणारी मुलं. दोन, आखूड संख्या मोठी समजणारी. तिसऱ्या गठ्ठ्यातली मुलं पहिला दशांश अंक बरोबर पाहत होती, पण ०.५ आणि ०.५० ला वेगळं समजत होती. चौथ्यातल्यांना खरंच येत होतं, आणि तो गठ्ठा बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा बराच लहान निघाला.

यावर उपाय काय, याबाबत आमचं एकमत झालं नाही. बाईंना "शून्य लावून अंक सारखे करा" हा नियम द्यायचा होता: ०.६ ला ०.६० करा, मग ६० आणि ४५ ची तुलना करा. परीक्षा जवळ होती आणि नियम हमखास चालतो. मी विरोध केला. या नियमाने मूल पुन्हा पूर्ण संख्यांचीच तुलना करतं, समज तिथेच राहते आणि उत्तर तेवढं बरोबर येतं. शेवटी ठरलं की आधी संख्यारेषा घ्यायची: शून्य ते एकचे दहा भाग, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि मुलांनी संख्यांची जागा शोधायची. नियम त्यानंतर. आता वाटतं, बाईंचा आग्रहही अर्धा बरोबर होता. संख्यारेषेवर ०.६ आणि ०.६० एकाच खुणेवर पडलेले पाहिल्यावर शून्य लावण्याचा नियम मुलांना अर्थासकट सापडला, आणि ज्यांना परीक्षेत वेळ कमी पडतो त्यांना तो खरोखर उपयोगी पडला. मी तो कायमचा बाजूला ठेवायला निघाले होते.

तो तास

पाठाचं टाचण दोघींनी मिळून लिहिलं, त्यामुळे तास पाहताना मी परीक्षक नव्हते. फसला तर तो दोघींचा फसणार होता. मला पाहायला एकच काम दिलं होतं: मागच्या दोन बाकांवरची मुलं काय बोलतात ते लिहायचं. शेरा नाही, फक्त नोंद.

पंधरा मिनिटं छान गेली. मग ०.०६ आलं. एका मुलाने ते ०.६ च्या खुणेवर ठेवलं, दुसरा उठून म्हणाला, "अरे, ते शून्याला चिकटून आहे." वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. आवाज वाढला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीत मान घातली. त्या दोन पावलं पुढे आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "दोघांनीही फळ्यावर दाखवा. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे." पुढची नऊ मिनिटं बाई जवळजवळ बोलल्याच नाहीत. तास संपला तेव्हा टाचणातला निम्मा भाग राहिला होता आणि मागच्या बाकावरच्या माझ्या नोंदींत शतांश हा शब्द सात वेळा आला होता.

त्या संध्याकाळी मी माझ्या सुरुवातीच्या निरीक्षणांची वही उघडली. त्या वेळी मी गोंगाट कधी झाला याच्या वेळा लिहिल्या होत्या, पण त्या शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. प्रत्येक तासात गोंगाट जवळजवळ एकाच ठिकाणी सुरू होत होता: फळ्यावरचं उदाहरण संपवून बाई "आता पुढची तुम्ही सोडवा" म्हणाल्या, त्यानंतर दोन-तीन मिनिटांत. मुलांना उदाहरण उतरवून घेता येत होतं, सोडवता येत नव्हतं. ज्याला काय करायचं ते कळत नाही, त्याने शेजाऱ्याशी बोलण्याखेरीज काय करावं? आम्ही सगळे ज्याला शिस्तीचा प्रश्न म्हणत होतो, त्याचा मोठा भाग गणिताचा प्रश्न होता. सगळा नव्हता. दोन मुलांची घरची अडचण वेगळी होती आणि तिला संख्यारेषेचा काही उपयोग नव्हता.

वही कुणाची

मध्येच एक पेच आला. मुख्याध्यापकांनी सद्भावनेनेच विचारलं, तुमच्या निरीक्षणांची एक प्रत बाईंच्या सेवा-फायलीत लावूया का? मी नको म्हटलं आणि कारण सांगायला वेळ मागून घेतला. गुरुवारी बाई माझ्यासमोर चुकीच्या टिका ठेवत होत्या, न जमलेले तास ठेवत होत्या. तेच कागद पुढे त्यांच्या मूल्यमापनात जाणार असतील तर पुढच्या गुरुवारी त्या मला चांगले झालेले तासच दाखवतील, आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तरी तेच करेल. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. फायलीत आमच्या भेटींच्या तारखा तेवढ्या जातील असं ठरलं. शिवाय त्यांनी वेळापत्रकात आमचा गुरुवारचा ऑफ तास बदली तासांपासून राखून ठेवला. या प्रकरणात ज्यांनी जे काही केलं, त्यात मला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. मार्गदर्शक नेमायला एक पत्र पुरतं. दोन शिक्षकांना एकाच वेळी मोकळं ठेवायला रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

काय बदललं, काय नाही

घटक चाचणीत वर्गाची सरासरी थोडी वाढली. थोडीच, आणि एका वर्गाच्या एका चाचणीवरून मी काही सिद्ध झाल्याचं म्हणणार नाही. चुकांचं रूप मात्र बदललं होतं. लांब संख्येला मोठी समजणारी मुलं मोजकी राहिली. काही मुलं त्या गठ्ठ्यातून निघून आखूड संख्येला मोठी समजणाऱ्या गठ्ठ्यात गेली होती. बाईंना आधी हे अपयश वाटलं. पण मूल दशांश-शतांशांचा विचार करायला लागलं आहे आणि तो अजून अर्धवट आहे, हे त्यातून कळत होतं. पुढे काय घ्यायचं हे त्यावरून ठरवता आलं.

आमचे आठ गुरुवार आणि त्या आठवड्यांत पाहिलेले तास मिळून जेमतेम अकरा तास होतात. हे मोजल्यावर मी थोडी अस्वस्थ झाले. क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरचे १,३०० हून जास्त अभ्यास चाळले, त्यातले फक्त ९ त्यांच्या कसोटीला उतरले, आणि १४ तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर ठळक परिणाम त्यांना आढळला नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचेही तेवढेच तास होतात. म्हणून आठ गुरुवारांवर आम्ही थांबलो नाही. पुढे वर्षअखेरपर्यंत पंधरवड्यातून एकदा बसत राहिलो.

धीर धरायला अमेरिकेतला एक मोठा प्रयोग उपयोगी पडला. स्टीव्हन ग्लेझरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचे अंतिम निष्कर्ष दिले. नव्या शिक्षकांना भरपूर मार्गदर्शन देणाऱ्या शाळा आणि नेहमीच्या शाळा यांची त्यात तुलना होती. पहिल्या दोन वर्षांत मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. ज्या शिक्षकांना दोन वर्षं सलग मार्गदर्शन मिळालं, त्यांच्या मुलांमध्ये तो तिसऱ्या वर्षी दिसला, वाचनातही आणि गणितातही. त्याच प्रयोगात नोकरीत टिकून राहण्याच्या प्रमाणावर मात्र परिणाम दिसला नाही. हे दोन्ही मी मुख्याध्यापकांना सांगितलं. वर्षअखेरीला निकालाचा तक्ता बघून हा राखीव तास बंद होऊ नये, ही माझी धडपड होती.

मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये शिक्षकांना वर्गाशी जोडून दिलेल्या मार्गदर्शनाचे ६० अभ्यास एकत्र केले. शिकवण्याच्या दर्जावर परिणाम चांगला, मुलांच्या गुणांवर त्याहून कमी पण खरा, आणि कार्यक्रम जसजसा मोठा होत गेला तसतसा तो घटत गेलेला. या शेवटच्या निष्कर्षाचं मला नवल वाटलं नाही. गुरुवारी आमच्यासमोर जे कागद होते ते त्याच वर्गाचे होते. ते शंभर शाळांसाठी छापून पाठवता येत नाहीत.

एका ठिकाणी आम्ही कमी पडलो. दशांशात बाई मुलांचं ऐकायला लागल्या, पण भूमितीचा धडा आला तशा पुन्हा फळा भरून समजावून सांगायला लागल्या. कोन मोजताना मुलं कोणत्या समजुती घेऊन येतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी गृहीत धरलं होतं की एकदा सवय लागली की ती सगळीकडे लागते. तशी ती लागत नाही. त्या घटकासाठी आम्हाला पुन्हा कागदांपासून सुरुवात करावी लागली आणि तोवर निम्मा घटक संपला होता.

कपाटातली फाइलही बाहेर आली. दुसऱ्या सत्रात बाईंनी तोच कार्डांचा खेळ पुन्हा घेतला, पण कार्डांवरच्या संख्या चार गठ्ठ्यांकडे बघून स्वतः निवडल्या: ०.३, ०.३५, ०.०६, ०.६०. गट आदल्या दिवशीच पाडून ठेवले. खेळ चालला. कार्यशाळेबद्दल त्या म्हणाल्या, "तिथे सांगितलं ते बरोबरच होतं. मला तेव्हा ते कशाला लावायचं हे माहीत नव्हतं." शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये असं मांडलं होतं की शिक्षकाचा विश्वास आधी बदलतो आणि मग कृती बदलते, हा आपला समज उलटा आहे. आपल्या मुलांत फरक दिसला की मग विश्वास बसतो. त्या फाइलीवर बाईंचा विश्वास त्या तासानंतर बसला.

वर्ष संपायला तीन आठवडे असताना बाई गुरुवारी आल्या ते एक वही उघडीच घेऊन. आता त्यांच्या बोलण्याची सुरुवात "मी" पासून होत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मुलाने दशांशाच्या टप्प्याने मोजत लिहिलं होतं: ०.७, ०.८, ०.९, ०.१०.

"पॉइंट नऊनंतर पॉइंट दहा," त्या म्हणाल्या. "पण तुलनेच्या सगळ्या जोड्या याच्या बरोबर आहेत. ०.१ आणि ०.१० सारख्याच, हेही तो सांगतो. मग इथे असं का लिहिलं असेल?"

मला उत्तर माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. त्यांनी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं होतं.